मुख्य ठेकेदार कोटेशन नाकारण्याचं खरं कारण सांगत नाही, ते कसं काढून घ्यावं?

भाऊ, मी जळगाव-भुसावळकडे प्लास्टरची कामं पोटठेक्यावर घेतो. ‘रेट जास्त होता’ हे टाळायचं उत्तर असतं. दुसऱ्याचा आकडा विचारू नका, तो सांगणार नाही आणि सांगूही नये. काम दुसऱ्याला दिल्यावर आठवड्याभराने साइटवर जाऊन विचारा, ‘ज्याला काम दिलं त्याच्या रेटपासून मी पाच टक्क्यांच्या आत होतो की बाहेर? कोटेशनमध्ये काय सुटलं?’ बऱ्याचदा घोळ रेटचा नसतोच. परांची (उंचावर काम करायचा मचाण) कोणाची, पाणी कोणाचं, 18 टक्के जीएसटी धरून की वेगळा, हेच लिहिलेलं नसतं. माझी दोन कामं नुसत्या परांचीच्या ओळीवरून गेली. तीनदा कोटेशन देऊनही मोघमच उत्तर मिळालं, तर बहुधा तुमचा कागद दाखवून तो नेहमीच्या माणसाचा रेट पाडतोय. चौथं देऊ नका.