रात्रपाळीतल्या पोरास

चि. पोरा, अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी तावडे हॉटेलच्या चौकात तू हायवेच्या कडेनं पळताना दिसलास. शिरोली एमआयडीसीतली रात्रपाळी उरकून तसाच. तुझ्या आईला याचं केवढं कौतुक! मला मात्र धडकी भरली: एक ती धूळ, दुसरी न झालेली झोप, दोन्हींचा भार हृदयावरच.

फाउंड्रीतली धूळ मी पस्तीस वर्षं खाल्लीय. रुमालावर काळी उतरते ती परवडली, कळते तरी. लबाड ती 2.5 मायक्रॉनहून बारीक. माणसाचा केस तिच्या वीसपट तरी जाड असतो. ती फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते, शरीरात सूज पेटते, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. ‘आपल्या कोल्हापूरची हवा झकास’ म्हणशील, तर 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा निकषात न बसणाऱ्या शहरांच्या, यादीत आपलं गाव आहे.

आता झोपेचं. गाढ झोपेत निरोगी माणसाचं बीपी 10 ते 20 टक्के उतरतं. हृदयाला दिवसभरात तेवढीच सुट्टी. तू झोपतोस चार तास, त्यातही उशाला मोबाईल. धुळीनं अंगातली धावपळीची नस, म्हणजे ठोके नि बीपी वाढवणारी यंत्रणा, ताणलेली असते, जागरणानं तीच आणखी ताणली जाते. मग बीपी उतरणार कधी? अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2022 मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या यादीत झोप घातली. मोठ्या माणसाला 7 ते 9 तास. आमच्या तालमीतले वस्ताद हे तेव्हाच सांगायचे, पण ऐकतंय कोण.

पाळी सुटली की आधी घरी जा. खिडकीला जाड पडदा लाव, आणि झोपून उठल्यावर संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारात पळ. थंडीत भल्या पहाटे तर नकोच, धूर तेव्हा जमिनीलगत दाटून राहतो. कामावर रुमाल बांधून भागत नाही, एन-95 नाकावर घट्ट बसलेला हवा. आणि बंद खोलीत डासांची कॉइल लावून झोपतोस ते आधी थांबव; अरे, धूळ टाळायची आणि उशाशी धूर करायचा? मच्छरदाणी घे. घोरत असशील तर डॉक्टरांना सांग, त्यात लाजायचं काय.

मला छातीत जळजळायचं तेव्हा मी तांबड्या रश्श्याला दोष देत सोडा पीत बसलो होतो. ईसीजी निघाला तेव्हा घाम फुटला. तुला तसं काही वाटलं, तर पाळी संपायची वाट न बघता थोरला दवाखाना गाठ.

रविवारी ये, बीपीचं मशीन घरी आहे. फक्त रात्रपाळीहून थेट नको, झोपून ये.

तुझा,
काका