ओट्याचा दगड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (सांगली) : कडाप्प्याचा जुना ओटा काढून काळा ग्रॅनाइट बसवायचा आहे. दुकानात तीन काळे दगड दाखवले. दिसायला सारखेच, भावात मात्र बराच फरक. नेमकं काय बघून घ्यावं?

आधी कडाप्पा का खराब झाला ते बघू. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागाचं नाव लागलेला हा दगड चुनखडीचा आहे. शहाबादी आणि कोटा त्याच जातीचे. चुनखडीतलं कॅल्साइट मऊ असतं. मोहस मापावर त्याची कठीणता ३, तर सुरीच्या पात्याची साडेपाचच्या आसपास. त्यामुळे ओरखडे पडतात. लिंबू, चिंच, आमसुलाचं आगळ सांडलं की जो पांढुरका ठिपका उठतो, तो डाग नसतोच. तिथला दगडच आम्लाने खाल्लेला असतो, म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार (६) आणि क्वार्ट्झ (७) असतं. त्यांना सुरीही काही करत नाही आणि लिंबूही.

‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारे बरेच दगड मुळात गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. त्यात फसवणूक नाही. ते घट्ट विणीचे, पाणी कमी पिणारे आणि ओट्याला उत्तम. आंध्र प्रदेशातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी त्यातलाच. त्यातले सोनेरी ठिपके ब्रॉन्झाइट या खनिजाचे.

काळजी घ्यायची ती रंगवलेल्या दगडाची. करड्या ग्रॅनाइटमध्ये काळा रंग मुरवून विकतात. वर्षभरात शेगडीजवळ आणि सिंकजवळ तो उतरतो आणि ओटा ठिकठिकाणी राखाडी दिसू लागतो. म्हणून तिन्ही दगडांचे वीतभर तुकडे घरी आणा. पांढऱ्या सुती फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पॉलिशवर आणि तुटलेल्या कडेवर जोरात घासा. फडकं काळं झालं तर तो दगड सोडा. तुटलेली कड पाण्याने ओली करून बघा. खरा काळा दगड ओला झाला की आतूनही काळाच दिसतो. लिंबाचा रस अर्धा तास ठेवून पुसा, तिरप्या उजेडात चमक गेलेली दिसता कामा नये. शेवटी पाण्याचे चार थेंब १५ मिनिटं ठेवा. खाली गडद गोल उमटला तर दगड पाणी पितो.

ही परीक्षा तुकड्याची. गोदामात गेलात की स्लॅब उलटवून पाठ बघायला सांगा. पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर तो मुळात भेगाळ किंवा ठिसूळ असण्याचा संभव आहे. भिंतीला चालेल, ज्यात हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि सिंक कापायचं आहे, त्या ओट्याला आम्ही तो घेऊ देणार नाही.

प्रश्न (पुणे) : ओटा बसवून आठ महिने झाले. हॉबच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत चीर गेली आहे. दगड हलका निघाला का?

बहुधा दगडाचा दोष नाही, कापण्याचा आहे. कटरचं पातं गोल असतं. दगडाच्या खालच्या अंगापर्यंत काप न्यायचा तर वरच्या अंगाला पातं कोपऱ्याच्या पुढे थोडं जातंच. चारही कोपऱ्यांना अशी केसासारखी खाच राहते. वर भांड्यांचं वजन, रोजचं तापणं-निवणं, आणि हॉबपुढे उरलेली दगडाची चिंचोळी पट्टी. सगळा ताण त्या खाचेत गोळा होतो आणि चीर तिथूनच निघते. चिमणी पुसायला कुणी ओट्यावर चढलं असेल तर तेवढंही पुरतं.

योग्य पद्धत अशी : आधी चारही कोपऱ्यांत १० ते १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, मग भोकापासून भोकापर्यंत कापायचं. कोपरा गोल राहिला की ताण वाटला जातो. हॉबच्या पुढे आणि मागे किमान अडीच इंच दगड उरलाच पाहिजे. कट-आउटच्या दोन्ही बाजूंना, तीन इंचांच्या आत, खालून आधार हवा. हॉब दगडाला घट्ट भिडवू नका, कंपनीच्या मापाप्रमाणे फट सोडा.

तुमची चीर केसाएवढी असेल आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर ओटा वाचेल. चीर अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण वाळवा, रंग मिळवलेलं पातळ इपॉक्सी मुरवा, खालून ग्रॅनाइटची तीन इंची पट्टी इपॉक्सीनेच चिकटवा आणि २४ तास हॉब पेटवू नका. इपॉक्सीऐवजी पॉलिस्टर मास्टिक हे दगड चिकटवायचं रसायन स्वस्त पडतं, पण शेगडीच्या उष्णतेत सुटतं. बोट फिरवल्यावर एक बाजू वर लागत असेल तर मात्र आधी खालचा आधार दुरुस्त करावा लागेल.

प्रश्न (रत्नागिरी) : फिकट ग्रॅनाइटवर सिंकभोवती काळपट ओला पट्टा दिसतो. पुसून जात नाही.

पाणी वरून नाही, कापलेल्या कडेतून शिरतंय. वरचा भाग पॉलिश असतो, सिंकची कड मात्र खरखरीत आणि उघडी. सिंकच्या काठाचं जुनं सिलिकॉन खरवडून काढा. चार-पाच दिवस सिंक वापरू नका, पंखा लावून वाळू द्या. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. पट्टा गेला की कापलेल्या कडेला आणि खालच्या अंगालाही दगडात मुरणारं सीलर दोनदा लावा. मग न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन दगडाला नको. पट्टा वाळूनही तेलकट राहिला तर तो सिलिकॉनचं तेल दगडात उतरल्याचा आहे.

प्रश्न (ठाणे) : पांढरा संगमरवर ओट्याला चालेल का?

रोजच्या मराठी स्वयंपाकाला नाही. मकराना कितीही चांगला असला तरी तोही कॅल्साइटच. हळदीचा डाग उन्हाने फिकट होतो, लिंबाचा कधीच नाही. पांढरंच हवं असेल तर फिकट ग्रॅनाइट घ्या आणि पाण्याच्या थेंबांची परीक्षा कडक करा.

प्रश्न (नाशिक) : १६, १८ की २० मिलिमीटर?

खाली अखंड कडाप्पा असेल तर १८ पुरे. मॉड्युलर कपाटांवर थेट बसवणार असाल तर २० घ्या. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे १०० किलो. कपाटवाल्याला हा आकडा आधीच सांगा. पुढची कड जाड दिसावी म्हणून खाली पट्टी जोडतात, तेव्हा तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्धा इंच आत, तीन-चार मिलिमीटर खोल सलग खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन खाली पडतं, कपाटाच्या दारांपर्यंत पोचत नाही.