वाचक विचारतात: हँगओव्हरवर घरातले उपाय

प्रश्न: पार्टीत व्हिस्कीचे चार लार्ज पेग होतात. सकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, अंगात त्राण नसतं. काळी कॉफी आणि थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू लवकर उतरते का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: नाही. कॉफीने झोप उडते, आंघोळीने तरतरी येते. रक्तातली दारू मात्र यकृताच्याच वेगाने कमी होते. आपल्याकडच्या व्हिस्कीत बहुधा 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 60 मिलिलिटरचे चार पेग म्हणजे सुमारे 80 ग्रॅम. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकालात काढतं. रात्री नऊला सुरुवात केलीत, तर दारू पूर्ण उतरायला पहाटेचे पाच ते सकाळचे साडेआठ वाजतात. सकाळी सातला गाडी काढू नका. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि आंघोळ केलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असं उगाच वाटतं.

आपल्या हातात आहे ते पाणी, मीठ आणि साखर भरून काढणं. दारूमुळे लघवी रोखून धरणारं हार्मोन दबतं, म्हणून रात्री सारखं उठावं लागतं आणि पहाटे घशाला कोरड पडते. यकृत दारूत गुंतल्याने साखर तयार करायचं कामही मागे पडतं. गळून गेल्यासारखं वाटण्यात त्याचा वाटा असतो.

उठल्या उठल्या तांब्याभर पाणी घटाघटा पिऊ नका. चिडलेलं पोट ते उलटून टाकतं. उलटी झालीच तर 15-20 मिनिटं थांबा, मग दर पाच मिनिटांनी दोन-दोन घोट घ्या. ओआरएसचं पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने साखर 6 सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली, तर ओतून द्या आणि पुन्हा करा. नारळपाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून नुसतं तेवढ्यावर भागवू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते नकोच. छातीत जळजळत असेल तर लिंबूही टाळा.

खायला तुमच्या घरची पेज सगळ्यांत उत्तम. अर्धी वाटी उकडा तांदूळ पाच वाट्या पाण्यात शितं फुटेपर्यंत शिजवा, मीठ घाला, कोमट असताना वाटी-वाटीने प्या. पाणी, मीठ आणि पिष्ट एकदमच मिळतं, पोटाला जडही होत नाही. तोंडी लावायला लोणच्याची फोड फार तर चाटण्यापुरती. मिसळ किंवा तळलेली मासळी दुपारनंतर. पोटात पेज गेल्यावर अंधाऱ्या खोलीत दोन तास झोपा, कारण दारूची झोप रात्रीच्या उत्तरार्धात सारखी मोडते.

प्रश्न: झोपतानाच डोकेदुखीची गोळी घेतली तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: घेऊ नका. दारूने आधीच दुखावलेल्या पोटाच्या अस्तराला आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन आणखी इजा करतात. रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलचा ताण यकृतावर येतो. रोज पिणाऱ्यांनी, उपाशी असणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, पाकिटावर वाचून घ्या.

प्रश्न: सकाळी थोडी उर्राक (काजूच्या बोंडांची दारू) घेतली की बरं वाटतं. हा उतारा चालेल ना? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: बरं वाटतं हे खरं. हँगओव्हर जोर धरतो तो रक्तातली दारू संपत आल्यावर. तुम्ही ती पुन्हा वाढवता आणि त्रास संध्याकाळवर ढकलता. एवढंच होतं. सकाळी प्यायल्याशिवाय हाताचा कंप थांबत नसेल तर तो हँगओव्हर नव्हे, व्यसनाचं लक्षण आहे. तेव्हा एकदम बंदही करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

प्रश्न: दवाखाना कधी गाठायचा? (एक वाचक, पुणे)

उत्तर: उलट्या थांबत नसतील, उलटीत रक्त दिसलं, माणूस हलवूनही जागा होत नसेल, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल तर ताबडतोब 108 ला फोन करा. हातभट्टीची प्यायल्यावर धूसर दिसू लागलं, तर मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची शंका घ्या. तिथे घरगुती उपायात एक तासही घालवू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला घाम फुटून तो बरळू लागला, तर साखर तपासा. दारूचा वास येतो म्हणजे चढलीच असेल, असं समजून झोपू देऊ नका. गाडी येईपर्यंत बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून ठेवा आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.