टोकियोत शिकायला आलीस ना, पहिली सहल कामाकुराची कर

अगं पहिल्याच रविवारी क्योतोचे बेत नको आखूस, शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, तिकिटातच महिन्याचा किराणा जाईल. कामाकुरा कर. टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाईन पकड, तासाभरात पोचतेस. फक्त एक स्टेशन आधी, किता-कामाकुराला उतर, बाजूलाच एंगाकुजी आहे, १२८२ सालचं झेन मंदिर, सकाळी गर्दी व्हायच्या आत बघून घे आणि मग चालतच पुढे कामाकुराला जा.

मोठ्या बुद्धासाठी एनोदेन नावाची छोटीशी ट्रेन, उतरायचं हासेला. ब्राँझचा, ११ मीटरच्या वर उंच, आणि उघड्यावर बसलाय कारण वरचं लाकडी मंदिर वादळात वगैरे गेलं ते परत बांधलंच नाही. थोडे येन देऊन त्याच्या पोटात शिरता येतं, शीरच!

समुद्रावर ओनिगिरी (भाताचा गोळा) हातात धरून मिरवू नकोस, घारी झडप घालतात, माझी अख्खी गेली. कचऱ्याला पिशवी ठेव, डबे सापडत नाहीत. आणि प्लीज, पुण्याच्या ग्रुपसोबत मराठीत गप्पा मारत फिरू नकोस, रस्ता माहीत असला तरी एखाद्या आजीला जपानीत विचार, पुस्तकातल्यापेक्षा किती वेगळं बोलतात ते तिथेच कळतं.