सैनिकांचा वर्ग उपग्रहावरून कसा भरत असे?

प्रश्न : आमच्या घरातील तिसरी पिढी सैन्यात आहे. अमेरिकी सैन्याने एकेकाळी उपग्रह दूरचित्रवाणीवरून आपल्या लोकांना शिकवले, असे वाचनात आले. हे वर्ग कसे चालत? शिकणाऱ्याला शंका विचारता येत असे का? आणि आपल्याकडे असे काही झाले का?
– एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, शंका विचारता येत असे, किंबहुना ती सोय हाच या जाळ्यांचा प्राण होता. अमेरिकी भूदलाचे ‘सॅटेलाइट एज्युकेशन नेटवर्क’ व्हर्जिनियातील फोर्ट ली येथून चाले, तर हवाई दलाचे ‘एअर टेक्नॉलॉजी नेटवर्क’ ओहायोतील राइट-पॅटरसन तळाशी जोडलेले होते. पुरवठा, खरेदी, व्यवस्थापन असे बैठे विषय त्यांवरून शिकवले जात.

शिक्षकाचे चित्र आणि आवाज स्टुडिओतून विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडे जाई आणि तेथून एकाच वेळी अनेक तळांवरच्या वर्गांत उतरे. परतीच्या वाटेने मात्र केवळ आवाज येई, तोही बहुधा टेलिफोनच्या तारेने. विद्यार्थ्याने समोरच्या मायक्रोफोनचे बटण दाबून धरायचे, आपल्या तळाचे नाव सांगायचे आणि मग प्रश्न विचारायचा. लहरींना वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, त्यामुळे ‘कोणाची शंका?’ असे विचारल्यावर शिक्षकाला अंमळ थांबावे लागे, नाहीतर त्याचे पुढचे वाक्य आणि विद्यार्थ्याचा प्रश्न एकमेकांत मिसळून जात.

जो काहीच विचारत नाही, तो विद्यार्थी शिक्षकाला ना दिसे ना ऐकू येई. म्हणून हजेरी घेणारा, टिपणे वाटणारा, संच चालू ठेवणारा एक समन्वयक प्रत्येक वर्गात लागे, आणि माझ्या मते वर्गाचे यशापयश बरेचसे त्याच्यावरच ठरत असे, कारण गोंधळलेले चेहरे पाहणारा तो एकटाच होता. पावसाची अडचण वेगळी. आषाढात महाबळेश्वराकडे घरची डिश बंद पडते, त्याचप्रमाणे केयू-बँडवरचे (घरच्या डिशच्याच उच्च वारंवारतेच्या लहरींवरचे) वर्गही मुसळधार पावसात खंडित होण्याचा धोका असे.

1997 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने संगणकावरील शिक्षणासाठी ‘अॅडव्हान्स्ड डिस्ट्रिब्यूटेड लर्निंग’ हा उपक्रम हाती घेतला. ज्याने त्याने आपल्या सवडीने शिकण्याची सोय त्यातून वाढली. कामाच्या पाळ्या सांभाळणाऱ्या सैनिकाला ती मोलाची वाटणे स्वाभाविक होते. तरी दहा ठिकाणच्या लोकांनी एकाच वेळी एकच शंका ऐकण्याचा लाभ त्यात कमी झाला, असे मला वाटते.

आपल्याकडचे मोठे प्रयोग नागरी शिक्षणाचे होते. 1975-76 मध्ये ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणीद्वारे शिक्षणाच्या प्रकल्पात अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे 20 सप्टेंबर 2004 रोजी श्रीहरिकोट्याहून केवळ शिक्षणासाठीचा एज्युसॅट सोडण्यात आला.

घरातील कोणाला नोकरी सांभाळून पदवी घ्यायची असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. ज्यांच्या नावाने ते उभे आहे, ते आपल्या कऱ्हाडचे यशवंतराव 1962 ते 1966 या काळात देशाचे संरक्षणमंत्री होते. प्रवेश घेण्यापूर्वी बदलीच्या ठिकाणाहून परीक्षा कशी देता येईल, एवढे मात्र अभ्यासकेंद्रात आधी विचारून घ्यावे.