वाचकाला अडचणीत टाक

दादर, मुंबई

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख शांतपणे वाचला. भाषा स्वच्छ आहे, कुठेही अडखळायला होत नाही. मला तेच खुपलं. नैतिक प्रश्नावरचा लेख वाचताना माणूस कुठेतरी अडखळायलाच हवा. तू सोपं करताना प्रश्नच काढून टाकलास आणि उपदेश तेवढा ठेवलास. उपदेश ऐकून आपला वाचक विटलाय गं. त्याला कारणं हवी आहेत.

सुरुवात तू ट्रामपासून केलीस. एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक; सुटलेली ट्राम कुणावर वळवायची? सगळे तिथूनच करतात. पण ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली ती ट्राम आणली ती गर्भपाताबद्दलच्या लेखात, एका खऱ्या आणि बायकांच्या आयुष्याला भिडलेल्या प्रश्नासाठी. नंतरच्या अनेकांनी ट्राम ठेवली आणि प्रश्न सोडून दिला. शिवाय रूळ ओलांडताना माणसं गेल्याच्या बातम्या वाचतच जो लोकलने कामाला जातो, त्याला रुळावरच्या माणसांचं कोडं कसलं घालतेस?

त्याच्या दारातला प्रश्न तुझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर, दोन ओळींत दडवलेला: सोसायटीतली लिफ्ट. घरकामाच्या बायकांनी मागचीच लिफ्ट वापरायची. ती बंद पडली की चौदाव्या मजल्यावर भांड्यांना जाणारी बाई जिने चढते, आणि पुढची लिफ्ट रिकामी वर जाते. हे तू डोळ्यांनी पाहिलंयस, मग इथेच थांब. आधी सेक्रेटरींना पुरतं बोलू दे आणि त्यांना खलनायक करू नकोस. मेंटेनन्स सभासद भरतात, सकाळी गर्दी होते, नियम सर्वांना ठाऊक आहे. वाचकाची मान हलली पाहिजे. मग विचार: मेंटेनन्स तर पाहुणेही भरत नाहीत, त्यांना पुढची लिफ्ट कशी चालते? शिकवणीचे सर त्याच गर्दीच्या वेळी येतात, तेही कामालाच येतात ना? सांगितलेलं कारण आणि खरं कारण यांतली फट वाचकाला स्वतःला दिसू दे. उपयुक्ततावाद (परिणाम पाहून ठरवा), कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवो, कर्तव्य पाळा) ही नावं त्यानंतर आली तर जड होत नाहीत. आधी आली तर वाचक पान उलटतो.

आता जर्मन तत्त्वज्ञ कान्ट. त्याला तू ‘हास्यास्पद’ म्हणून एका ओळीत निकालात काढलंस, याचं मला फार वाईट वाटलं. मारेकरी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? १७९७ च्या निबंधात कान्ट म्हणतो, तरीही खोटं बोलू नये. ऐकून संताप येतो, यावाच. पण त्याचं कारण तरी सांग. समज, तू ‘नाही’ म्हणालीस, मित्र तुझ्या नकळत खरंच मागच्या दाराने निघून गेला होता, आणि परत फिरलेल्या मारेकऱ्याला तो रस्त्यात सापडला. मग त्या मृत्यूचा दोष तुझ्याकडेही येतो. परिणाम आपल्या हातात नसतात, आपलं बोलणं असतं. हे खोडून काढायला वाचकाला घाम फुटतो, आणि तिथे तो विचार करू लागतो.

त्याच्या शेजारी महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक ठेव. सत्याचं व्रत घेतलेला. लोक कुठे लपले ते त्याने लुटारूंना खरं सांगितलं, लपलेले मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण सांगतो, तीही अर्जुन प्रतिज्ञा पाळण्यासाठी युधिष्ठिरावर तलवार उगारून उभा असताना. कान्ट आणि कृष्ण समोरासमोर! असा लेख मराठीत वाचायला मी कितीही वाट पाहीन.

वाचकाला हे झेपणार नाही असं तुला कुणी सांगेल. मानू नकोस. इंग्रज तत्त्वज्ञ मिलचं उपयुक्ततावादावरचं विवेचन १८६१ साली आधी मासिकातच छापून आलं होतं. गीतारहस्य १९१५ चं. त्यात टिळकांनी मिल, स्पेन्सर, कान्ट यांच्याशी मराठीतूनच वाद घातला, आणि लोकांनी तो ग्रंथ घरोघरी वाचला.

नवा मसुदा झाला की आधी आईला मोठ्याने वाचून दाखव. ती जिथे ‘असं कसं?’ म्हणेल ती जागा गुळगुळीत करू नकोस, तिथे आणखी एक परिच्छेद लिही. मग मला पाठव. ट्राम काढलीस तरी चालेल, सेक्रेटरींचं म्हणणं मात्र पूर्ण हवं.

तुझे,
सर