१२७० सालच्या इंग्लंडमधल्या खुनाच्या कादंबरीत तपास कोणाकडे द्यावा?

कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करून नोंद ठेवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याकडे द्या. हे पद ११९४ मध्ये निर्माण झालं आणि तेराव्या शतकातली कॉरोनरची दप्तरं शिल्लक असल्याने त्याच्या कामाची पद्धत बरीच नेमकी कळते. प्रेत ज्याला आधी दिसेल त्याने हाकाटी करायची. कॉरोनर येईपर्यंत प्रेत पुरायचं नाही; पुरलं तर गावाला दंड, आणि प्रेत पुन्हा उकरायचं. मग पंचनामा: आसपासच्या गावांतले पुरुष जमवून, त्यांच्यासमोर प्रेत उघडं करून जखमेची लांबी-खोली मोजतात. शवविच्छेदन नाही, नवे लेखक इथेच घसरतात. हत्याराचीही किंमत ठरवून नोंदतात, कारण ती राजाला द्यायची असते.

कथानकासाठी सोन्यासारखी गोष्ट म्हणजे अनोळखी प्रेत. मयत इंग्रज होता हे सिद्ध झालं नाही आणि खुनी सापडला नाही, तर सगळ्या परिसरावर दंड बसे (१३४० पर्यंत). त्यामुळे निरपराध गावकरीही रातोरात प्रेत शेजारच्या हद्दीत सरकवतील, हे पटण्यासारखं आहे. संशयित चर्चमध्ये शिरला तर त्याला ४० दिवस आसरा. कॉरोनरपुढे गुन्हा कबूल करून, देश सोडायची शपथ घेऊन तो बंदराकडे चालू लागतो.

एक मात्र लक्षात ठेवा: कॉरोनर नोंद करतो, शिक्षा देत नाही. खटला राजाच्या न्यायाधीशांपुढे, कधी कधी काही वर्षांनी चालतो. त्यामुळे खुनी शोधायची त्याची धडपड दाखवायची असेल, तर तिला खासगी कारण द्यावं लागेल.